बोऱ्हाडे सर आणि पाच क्रियापदं

बोऱ्हाडे सर दारात थांबायचे. वर्गाचं दार असो, ऑफिसचं असो, की माझ्या घराचं. उंबऱ्याशी आले की त्यांचं पाऊल क्षणभर अडायचं, आतून कुणी हाक मारतंय का ते ऐकावं तशी मान कलायची, आणि मग ते आत यायचे. नव्या शिक्षकांना वाटायचं, सरांचे गुडघे दुखत असणार. मी कुणाची समजूत दुरुस्त केली नाही. ही सवय त्यांना कधी लागली आणि कशी, हे शाळेत फक्त मला ठाऊक होतं. आता मी निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली तरी दुपारी डोळा लागता लागता मला ते दारात उभे दिसतात. या म्हणावं, तर माझ्याच्यानं म्हणवत नाही.

मी आंबेगावच्या पश्चिमेचा, भाताच्या खाचरांतला माणूस. नव्वद सालाच्या पुढेमागे निमगाव सावाच्या बाजूच्या एका हायस्कुलात मराठी शिकवायला लागलो. तिथं इंग्रजीला बोऱ्हाडे सर होते. उंच, काटकुळे, मनगटाच्या आतल्या बाजूला घड्याळ, आणि खडू रुमालात गुंडाळून खिशात. शाळेचा खडू ठिसूळ असतो म्हणून ते स्वतःच्या पैशानं खडू आणत. खांद्याला कापडी पिशवी, तिच्यात भाकरी आणि एक जाडजूड शब्दकोश. भाकरीचं तेल कोशाला लागायचं. त्यामुळे काही शब्द पानाच्या दोन्ही बाजूंनी वाचता यायचे.

मला त्यांनी कधी नावानं हाक मारली नाही. "काय मराठी," म्हणायचे, "वीट आणि तिटकारा यात फरक सांग बरं." मी डबा उघडून बसलेलो असायचो. वीट सारखं तेच ते झालं की येतो, तिटकारा पहिल्या भेटीतही येऊ शकतो, असं काहीतरी मी सांगायचो. ते घास थांबवून विचार करायचे. मग किळस, मग घृणा, मग द्वेष. मी वैतागून म्हणायचो, सर, जेवू द्या, तोंडाची चव गेली. त्यावर ते समाधानानं हसायचे. शब्दानं तोंडाची चव गेली म्हणजे शब्द बरोबर पोचला, असं त्यांचं म्हणणं.

त्यांचा एक नियम साऱ्या तालुक्यात माहीत होता. वाक्य खरं पाहिजे. गाईडमधलं 'राम चांगला मुलगा आहे' कुणी लिहून आणलं की ते विचारायचे, कोण राम? तुझ्या ओळखीचा आहे का? एका पोरानं लिहिलं, माझे वडील पहाटे चार वाजता उठतात. सरांनी वही हातात धरून विचारलं, खरंच चारला? पोरगं खाली बघत म्हणालं, "नाय सर, सहाला." व्याकरण शुद्ध असूनही सरांनी गुण कापले. खोटं वाक्य मी तपासत नाही, म्हणाले. त्या पोराचे वडील भांडायला आले आणि सहाला उठतो हे कबूल करून गेले.

दहावीच्या वर्गाला थंडीच्या दिवसांत ते एक तास घ्यायचे, त्याची पोरं आधीपासून वाट बघायची. पुस्तकात तो धडा नव्हता. इंग्रजीत द्वेषाला पाच क्रियापदं आहेत, आणि पाचही एकच समजणारा माणूस कधीतरी गोत्यात येतो, अशी सुरुवात व्हायची. मी एकदा मागच्या बाकावर बसून तो तास ऐकला.

हेट हा शब्द स्वस्त, ते म्हणाले. कारल्यालाही लागतो आणि माणसालाही. इंग्रज तर तुमच्याकडे काम घेऊन आला तरी म्हणतो, तुम्हाला त्रास द्यायला मी हेट करतो. मनात काही नसतं त्याच्या. लोद मात्र पोटातला. नासलेल्या दुधाचं पातेलं उघडल्यावर जे होतं ते लोद. डिस्पाइज शिकवताना ते खुर्चीवर चढले आणि आम्हा सगळ्यांकडे अशा नजरेनं पाहिलं की मलाही अंग चोरावंसं वाटलं. डिस्पाइज करणारा वर असतो, निदान त्याला तसं वाटतं. मग ते वर्गाबाहेर गेले. दारातून आत येताना उंबऱ्यावरून पाऊल पुढं टाकलं, आणि ते हवेतच थांबून मागं आलं. इतकं खरं वाटलं की पुढच्या बाकावरच्या पोरींनी वाकून जमिनीवर काय आहे ते बघितलं. हा ॲबहॉर, सर बाहेरूनच म्हणाले. मारायला पुढं जातो तो वेगळा. इथं आपण न सांगता आपलं पाऊल मागं येतं. हा शब्द माणसाला लावू नका, कृत्याला लावा.

पाचवा डिटेस्ट. तो सांगताना त्यांनी खडू खाली ठेवला. डिटेस्टच्या मुळाशी देव आहे, म्हणाले. देवाला साक्षीला बोलावून केलेला धिक्कार. आपल्याकडे बेलभंडार उचलतात, तसं.

वर्गातल्या सगळ्या माना तिसऱ्या बाकाकडे वळल्या. तिथं दोन वेण्यांची एक मुलगी वहीत मान घालून लिहीत होती. सरांनी तिकडं पाहिलं नाही. मला काहीच कळलं नाही. तास संपल्यावर शाळेच्या शिपायाला विचारलं, तेव्हा त्यानं आधी इकडंतिकडं पाहिलं.

ती मुलगी रोहिणी. सरांच्या सख्ख्या बहिणीची, हिराची, मुलगी. हिरा लोणीला दिलेली. वडील वारले तेव्हा सातबाऱ्यावर बहीण-भाऊ दोघांची नावं लागली. आमच्याकडे अशा वेळी बहिणीनं कचेरीत जाऊन हक्कसोड लिहून द्यायची, बदल्यात भावानं साडीचोळी करायची, आणि माहेर शाबूत राहायचं, ही रीत. हिरानं सही दिली नाही. तरण्या वयात सरांचं डोकं फिरलं. गावच्या खंडोबापुढे त्यांनी बेलाचं पान आणि चिमूटभर हळद तळहातावर घेतली आणि चार माणसांदेखत म्हणाले, हिराच्या घराचा उंबरा ओलांडणार नाही, तिच्या हातचं पाणी घेणार नाही. असं उचललेलं बोलणं आमच्या भागात माघारी घेत नाहीत. त्याला आता बारा वर्षं झाली होती. रोहिणी इथं आत्याकडं राहून शिकत होती. तीन वर्षं ती त्यांच्या वर्गात बसली, आणि हजेरीशिवाय तिचं नाव सरांच्या तोंडून कुणी ऐकलं नव्हतं.

त्या तासानंतर नेहमीप्रमाणे प्रत्येकानं पाचांतलं एक क्रियापद घेऊन एक खरं वाक्य लिहून आणायचं होतं. दुपारी सर वह्या तपासत बसले होते. बराच वेळ पान उलटल्याचा आवाज आला नाही म्हणून मी पाहिलं. लाल पेनाचं टोक कागदावर टेकलेलं होतं आणि त्याभोवती मोहरीएवढा ठिपका झाला होता. त्यांनी वही माझ्याकडे सरकवली. माझं इंग्रजी बेताचं, पण तेवढं कळलं. रोहिणीनं लिहिलं होतं: माझ्या आईनं मला या शाळेत घातलं, कारण इथं एक माणूस तिला डिटेस्ट करतो, आणि तो चांगलं शिकवतो.

"मराठी, यात चूक कुठं आहे?" सरांनी विचारलं.

मी म्हटलं, मला काय कळतंय.

"चूक नाही," ते म्हणाले. "सगळं बरोबर आहे."

वही त्यांनी तीन दिवस ठेवून घेतली. परत दिली तेव्हा गुण नव्हते. लाल ठिपक्याशेजारी बारीक अक्षरात 'ट्रू' एवढंच लिहिलेलं होतं.

दहावीच्या निकालाच्या दिवशी रोहिणी पेढे घेऊन शिक्षकांच्या खोलीत आली. इंग्रजीत पहिली आली होती. सरांसमोर पेढा ठेवला आणि त्याच्या बाजूला एक लांब पाकीट. आईनं दिलंय, म्हणाली, आणि वाकून नमस्कार करून गेली. पाकिटात हक्कसोड होती. हिरा एकटीच जुन्नरच्या कचेरीत जाऊन, अंगठे-सह्या करून, सगळं रीतसर उरकून आली होती. साडी नाही, चोळी नाही, कुणी मागितलंही नाही.

सरांनी कागद शब्दकोशात ठेवला. पेढा तसाच राहिला. मग ते जे बोलले ते मला कधी विसरता आलं नाही. त्या वेळी सही मागायला ते स्वतः गेलेच नव्हते. गावातल्या एका माणसाच्या हाती कागद पाठवला होता. हिरानं त्या माणसाला सांगितलं, दादाला म्हणावं, तू येऊन माग, हसत देते. आणि यांना त्यात मस्ती दिसली.

मग आता जा की, मी म्हटलं. ते मान हलवत राहिले. भंडारा उचललाय, म्हणाले. मला खरंच राग आला. दरवर्षी स्नेहसंमेलनात भोंदूबाबाचं नाटक बसवणारा हा माणूस. लिंबू-मिरची टांगली म्हणून रिक्षावाल्याशी वाद घालणारा. मी तोंडाला येईल ते बोललो.

"देव ऐकतो का नाही, मला माहीत नाही," सर म्हणाले. "पण मी बोललो होतो, हे मला माहीत आहे. बोललेलं खोटं कसं करू?"

हा त्यांचा नियम मुलांच्या वह्यांपुरता नव्हता, हे मला त्या दिवशी कळलं. वाईट याचं वाटतं की तेव्हा मला तो थोडा आवडलाही.

पुढं पाच-सात वर्षं गेली. रोहिणी शिक्षिकेचं शिकून लोणीच्याच जवळ नोकरीला लागली. एका गुरुवारी शाळेत फोन आला. फोन मीच घेतला. "सर, मामांना सांगा," ती म्हणाली, "आईचं काही खरं न्हाई. पोटात गाठ हाय, डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलंय. ती सारखी दाराकडं बघती."

मी सरांना मोटरसायकलवर मागं बसवलं आणि निघालो. वाटभर माझ्या खांद्यावरचा त्यांचा हात घट्ट होता. लोणीत घर शोधावं लागलं नाही, अंगणात माणसं बसली होती. सर माणसांतून सरळ दारापर्यंत गेले आणि उंबऱ्याशी थांबले. दार सताड उघडं होतं. आत भिंतीकडेला खाट, खाटेवर हिरा. एवढीशी झालेली. हाताला सलाइन लावलेलं.

"दादा," ती म्हणाली. आवाज मात्र तिचा धड होता. "आत ये."

सर उभे राहिले. मी त्यांच्या मागं होतो. त्यांच्या शर्टाची पाठ घामानं भिजलेली मला दिसत होती.

"हिरा, रविवारी येतो," ते म्हणाले. "देवापुढं बोललोय गं. आधी भंडारा उतरवतो. रीतीनं करतो. मग आत येतो, तुझ्या हातचं पाणी पितो."

"रविवार लई लांब हाय."

"तीन दिवस."

ती हसली. "अजून वह्याच तपासतोय व्हय रं तू," ती म्हणाली, आणि थोडा दम खाऊन, "बरं. जा. नीट करून ये."

अंगणातल्या कुणीतरी म्हणालं, खाट बाहेर आणा की. रोहिणीनं सांगितलं, आईला हलवलं तरी कळा येतात, मघाशी कूस बदलताना शुद्ध हरपली होती. ती मामांकडं बघत होती. बघण्यात राग नव्हता, नुसती वाट बघणं होतं. मी सरांच्या कोपराला धरून हळूच पुढं लोटलंसुद्धा. भिंतीला लोटल्यासारखं वाटलं.

गावी आल्या आल्या सर गुरवाकडं गेले. गुरवानं सांगितलं ते मी ऐकलं आहे. उचललेला भंडारा त्याच देवापुढं, देवाच्या वारीच, म्हणजे रविवारीच, उतरतो. ज्याच्यावर उचलला तो माणूस हजर पाहिजे, नसेल तर त्याच्या अंगचं वस्त्र. शुक्रवारी मी पुन्हा लोणीला जाऊन हिराच्या लुगड्याचा पदर फाडून आणला. तो देताना तिनं मला विचारलं, दादा जेवतो का वेळेवर. मी हो म्हटलं.

रविवारी सकाळी देवळात सगळं रीतसर झालं. पदराचा तुकडा देवापुढं ठेवला. सरांनी तळहातावर बेल आणि हळद घेतली, ती उलटी सोडली, आणि बोललेलं मागं घेतो असं तीनदा म्हणाले. गुरवानं कपाळाला भंडारा लावला. ते पायऱ्या उतरून आले तेव्हा त्यांचा चेहरा इतका मोकळा मी कधी पाहिला नव्हता. साडीचोळी घेतलेली होती, हिरव्या रंगाची, दुकानात तासभर घालवून. गाडीला किक मारणार तेवढ्यात शाळेतच राहणारा शिपाई सायकलवरून आला. फोन आला होता. मघाशीच, अर्ध्या तासापूर्वी, म्हणजे सर आत तीनदा म्हणत होते तेव्हा.

लोणीला पोचलो तोवर तिला अंगणात घेतलं होतं. सरांचं कपाळ पिवळंच होतं. त्यांनी साडी तिच्या अंगावर घातली. सगळं आटोपल्यावर रोहिणी दारात उभी राहून म्हणाली, "मामा, आत या. आता तर उतरला भंडारा." सर उंबऱ्यापाशी आले, बराच वेळ आत खाटेच्या जागेकडं बघत राहिले, आणि मागं फिरले.

त्यानंतर ते कुठल्याही दारात थांबायला लागले. त्या पाच क्रियापदांचा तास त्यांनी पुन्हा घेतला नाही. एका वर्षी दहावीची पोरं मागं लागली तेव्हा फळ्यावर पाच शब्द लिहून ते खिडकीशी जाऊन उभे राहिले. तास संपल्याची घंटा झाली तरी तिथंच होते. वर्ग शांत झाला की ते बोलता बोलता दाराकडं वळत. एकदा मी विचारलं, काय ऐकू येतं. "काही नाही रे," ते म्हणाले. मग थोड्या वेळानं, "रविवार लांब आहे, असं कुणीतरी म्हणतं." मला हे त्यांच्याकडून ऐकायचं नव्हतं. मी उगाच विचारलं.

दर रविवारी ते एसटीनं लोणीला जाऊ लागले. हिराच्या दारासमोर धुणं धुवायचा एक दगड होता, त्यावर दुपारभर बसायचे. रोहिणीशी बोलायचे, तिच्या शाळेच्या पोरांच्या वह्या मांडीवर घेऊन तपासून द्यायचे, तिच्या हातचा चहा घ्यायचे. आत मात्र गेले नाहीत. ऊन आलं की दगडाच्या सावलीच्या बाजूला सरकायचे. निवृत्त झाल्यावरही हे चालूच होतं, आणि गावातल्या माणसांनी त्याबद्दल बोलणंही सोडून दिलं होतं.

त्यांना मी शेवटचं पाहिलं ते तिथंच. रोहिणीनं घर नवं केलं होतं, जेवायला बोलावलं होतं. पत्र्याच्या जागी स्लॅब, खाली फरशी. रविवारच होता. सर दगडावर बसलेले, पार थकलेले. शब्दकोशाची पिशवी मांडीवर. रोहिणी त्यांना हाताला धरून दाराशी घेऊन आली.

"मामा, उंबरा काढलाय," ती म्हणाली. "बघा, फरशी सलग केलीय. आता आत-बाहेर काय राहिलंच न्हाई."

सरांनी वाकून पाहिलं. "कुठं होता?" त्यांनी विचारलं. तिनं पायाच्या अंगठ्यानं जागा दाखवली. सरांनी चपला काढल्या, नीट जोडून ठेवल्या, आणि उजवं पाऊल उचललं. ते त्या जागेवर हवेत थांबलं. मला तो वर्ग आठवला, वाकून बघणाऱ्या पोरी आठवल्या. त्या दिवशी सर ते करून दाखवत होते. आज ते काही करत नव्हते, आणि पाऊल मागं आलं.

रोहिणी त्यांचा हात सोडून झपकन आत गेली. जिथं खाट होती त्या भिंतीपाशी जाऊन उभी राहिली. तिनं दाराकडं न बघता हाक मारली.

"दादा, आत ये."

सरांची मान कलली. कितीतरी वेळ ते ऐकत राहिले. मग वही परत देताना जसं बोलत तसं, मऊ आवाजात म्हणाले, "शब्द बरोबर हायेत, पोरी. आवाज तिचा न्हाई."

आणि चपला घालून दगडावर जाऊन बसले. रोहिणी तांब्या घेऊन बाहेर आली. त्यांनी पाणी घेतलं, सगळं प्याले. तिनं आपलं ताटही तिथंच मागवलं. मला एसटी गाठायची होती, म्हणून मी निघालो. वळणावरून मागं पाहिलं तेव्हा मामा-भाची शेजारी शेजारी बसली होती, दोघांची तोंडं उघड्या दाराकडं होती, आणि सर भाकरी मोडून तिच्या ताटात ठेवत होते.